खोतांची विहीर आणि बादलीभर नीळ

चार वर्षांच्या ओवीचं पोट महिन्यात चौथ्यांदा बिघडलं आणि तिच्या आईची, केतकीची, झोपच उडाली. संशय सरळ होता : अख्खी वाडी नाना खोतांच्या विहिरीचं पाणी पीत होती, आणि नानांनी गेल्याच वर्षी विहिरीपासून दहा पावलांवर, वरच्या अंगाला, टाइल्सचा झकपक संडास बांधला होता. पण बारावीला रसायनशास्त्रात एकोणचाळीस मार्क! एवढ्या भांडवलावर खोतांशी वाद घालायचा?

तरी ती गेली. "नाना, बाटलीभर पाणी तालुक्याला तपासायला नेऊ?"

"तपासायला?" नाना ओटीवरून गरजले. "पणजोबांनी खणलेली विहीर! चार पिढ्या हे पाणी प्यायल्या!"

"त्यातल्या तीन गेल्या की, नाना!"

ओटीवरची माणसं खोकल्यासारखं करून हसली. नानांच्या मिशा थरथरल्या.

"फार शिकलीस, सूनबाई! ऐक. या विहिरीचा थेंब वाडीबाहेर जाणार नाही. पाणी घाण आहे असं माझ्याच तोंडून वदवून दाखव, मागशील ते देईन. रविवारपर्यंत नाही जमलं, तर तुझी कळशी इथं बंद! नदी आहे दोन मैलांवर."

केतकी म्हणाली, "विहिरीला मी बोटही लावणार नाही. फक्त तुमच्या संडासात बादलीभर नीळ ओतू द्या."

"ओत की!" नाना खदखदून हसले. "इस्त्रीही करून ठेव त्याला!"

गुरुवारी नीळ ओतली. शुक्रवारी विहीर काचेसारखी नितळ. शनिवारीही तशीच! 'शहाणपणा अंगाशी आला,' म्हणत केतकी नदीची वाट मनातल्या मनात मोजू लागली.

रविवारी सकाळी केतकी ओवीचा हात धरून ओटीसमोर येऊन उभी राहिली. गडी नेहमीसारखा तांब्याभर ताजं पाणी घेऊन ओटीवर आला. नानांनी तांब्या तोंडाला लावला, आत पाहिलं आणि किंचाळले, "अरे, निळं कसं हे? असलं घाण पाणी मी पिऊ?"

"काय म्हणालात, नाना? जरा मोठ्यानं!"

"यात तुझी नीळ आहे, कार्टे!"

"मी ती विहिरीत कुठं टाकली? तुमच्या संडासात टाकली. तिथला शोषखड्डा जांभ्या दगडात खणलेला, आणि जांभा म्हणजे नुसती चाळण! चालत आली बिचारी. आता तुम्हीच सांगा, एवढ्या वाटेनं ती एकटी आली असेल, की तिथलं कुणी सोबत घेऊन?"

नानांनी तांब्याकडे पाहिलं, मग संडासाकडे, मग स्वतःच्या पोटाकडे. आणि असे हसले, असे हसले, की पगडीच घरंगळली.

"हरलो, सूनबाई! उद्याच तो खड्डा बुजवतो. विहीर उपसून घेतो, आणि तुझी बाटली मी स्वतः तालुक्याला नेतो. तोवर वाडीला पाणी माझ्या जीपनं येईल. झालं?" त्यांनी ओवीला उचलून घेतलं. "आता खूश ना, बाळ?"

ओवीनं गंभीरपणे संडासाकडे बोट दाखवलं. "पण नानाआजोबा, मग आता तुमची शी कुठं जाणार?"