झुलगाठीची हकिकत

त्या मुलखात पाखरांची घरं पाण्यावर टांगलेली असत. तळ्यावर वाकलेल्या बाभळीला गवताच्या काड्यांची घरटी लोंबत, आणि गाठ सुटली की पिल्लं थेट पाण्यात. म्हणून तिथे गाठीला फार मान होता. तिला झुलगाठ म्हणत. वारा जितका हिसका देई, तितकी ती घट्ट बसे.

ही गाठ घरट्याच्या बाहेरच्या अंगाला, उघड्यावर बांधायची, असा तिथला रिवाज होता. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती बघावी, आवडली तर शिकून घ्यावी, आणि एखादी काडी ढिली दिसली तर जाता जाता चोचीने ओढून पुढे जावं. घर कोणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती. पलीकडच्या राईतल्या धनेशाला हे मुळीच पटत नसे. तो आपल्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकी आणि बाभळीवरच्यांना उचापती म्हणे. आता खरं सांगायचं तर तेही खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या घराची काडी उपसून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

अशा या बाभळीवर एकदा शेवंता नावाची साळुंकी आली. कोणाचाही आवाज ती हुबेहूब काढायची. मुलखातली नवलं बघावीत, तिथल्या पाखरांचे आवाज गळ्यात साठवावेत आणि सकाळी वडावर भरणाऱ्या सभेत त्यांच्याच आवाजांत सगळी हकिकत ऐकवावी, हे तिचं काम. कामाला मोठी पक्की होती. खोड एकच. हकिकतीला एक नायक लागतोच, असं तिचं ठाम मत होतं.

आठ दिवस ती बाभळीवर राहिली. चाळीस पाखरांना तिने झुलगाठीबद्दल बोलतं केलं. एकजण म्हणाला, मी फक्त मधला वेढा सैल केला, फार करकचून बसायचा. एक मुनिया म्हणाली, ती टोकाची आडवी काडी माझी, बाकीचं मला काही कळत नाही बाई. शेवंताचं डोकं भणभणलं. “चाळीस तोंडं! ऐकणारे उठून जातील की,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिची नजर नाथाबांवर गेली. सुगरण पक्ष्यांतले हे सगळ्यात म्हातारे. पिसं विरळ झालेली, आवाज खर्जातला, सभेत शोभेल असा.

नाथाबा म्हणाले होते, “झुलगाठीचा पहिला पीळ मी दिला खरा. पण तो उलटा होता हो. तीन घरटी पाण्यात गेली. मग कोणीतरी तो सरळ केला. कोणी, ते मला आजवर ठाऊक नाही.”

शेवंताने यातलं पहिलं वाक्य ठेवलं. पुढच्यात खोकला फार होता.

वडावर हकिकत अशी काही रंगली की विचारू नका. एक म्हातारा पक्षी, एकटा, ऊनवाऱ्यात बसून साऱ्या मुलखासाठी गाठ शोधतो! बगळ्यांचेसुद्धा डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून बाभळीवर नाथाबांना बघायला रीघ लागली. मधल्या वेढ्यावाल्याला आणि त्या मुनियेला कोणी ओळखही दिली नाही. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला?

खरी पंचाईत पुढे झाली. ढिली काडी दिसली तरी तिला कोणी हात लावेना. नाथाबांच्या गाठीत आपण चोच घालायची म्हणजे काय! त्यापेक्षा नाथाबांनाच सांगावं. म्हणून सकाळपासून त्यांच्या फांदीवर तक्रारींची रांग लागू लागली. बिचारे या घरट्यावरून त्या घरट्यावर उडत, धापा टाकत, काड्या ओढत. महिनाभर त्यांना दुपारची डुलकीही मिळाली नाही. “अहो, तुम्हाला येतं ते,” असं ते सांगून पाहत. “आबा, तुमचा मोठेपणा,” असं म्हणून पाखरं आणखी झुकून नमस्कार करत.

नाथाबांची लेक भामा हिच्या घरट्यात तीन पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. तिचीही एक काडी सुटली होती. रांगेत तिचा नंबर अकरावा होता.

त्या दिवशी शेवंता कौतुक करून घ्यायला बाभळीवर आली होती. दिवस बराच वर आला आणि वारा सुटला. भामाच्या घरट्याची दुसरी काडी निघाली, मग तिसरी. घरटं एका बाजूला कललं आणि आतून पिल्लांचा चिवचिवाट सुरू झाला. आजूबाजूला सात-आठ पाखरं बसली होती, चोच पुढे केली तर पोचेल इतक्या जवळ. नाथाबा तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला कोणाची तरी तक्रार निस्तरत होते.

“अहो, ओढा की कोणीतरी!” भामा ओरडली.

“आम्ही कसं ओढणार, ताई?” एक बुलबुल रडवेला होऊन म्हणाला. “चुकलं म्हणजे?”

हे आपल्यामुळे, हे शेवंताला त्याच क्षणी कळलं. गाठ तिने जन्मात बांधली नव्हती. तिच्यापाशी होता तो फक्त गळा. तिने तो मोकळा सोडला, आणि बाभळीवर नाथाबांचा आवाज घुमला, अगदी खोकल्यासकट: “पण तो उलटा होता हो. तीन घरटी पाण्यात गेली. मग कोणीतरी तो सरळ केला. कोणी, ते मला आजवर ठाऊक नाही.”

“उलटा?” मुनिया म्हणाली. “नाथाबांचा?”

आणि ती उडालीच. तिने आडवी काडी चोचीत धरली. पाठोपाठ मधल्या वेढ्यावाला आला, मग तो बुलबुल, मग सगळेच. एकमेकांना ढकलत, “तिकडून नाही, इकडून,” असं भांडत त्यांनी घरटं वर ओढलं. वाऱ्याने एक जोराचा हिसका दिला. गाठ बसली.

नाथाबा धापा टाकत पोचले तेव्हा तिन्ही पिल्लं भामाच्या पंखाखाली सुखरूप होती. त्यांनी गाठ निरखून पाहिली. तीत एक नवाच वेढा होता.

“हे कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

पाखरं एकमेकांकडे बघू लागली. कोणालाच सांगता येईना.

“सुटलो रे बाबा!” नाथाबा म्हणाले. तिथल्या तिथे पंखात मान खुपसून ते गाढ झोपी गेले, आणि त्यांना उठवायचं कोणाच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडावर शेवंता नवी हकिकत सांगायला उभी राहिली. चाळीसही आवाज तिने घेतले होते. “मुनियेने डावीकडून काडी ओढली,” इथवर ती आली, तोच समोरून आवाज आला, “उजवीकडून!” शेवंताच्या मानेची पिसं फुलली. इतक्या वर्षांत तिला मध्येच कोणी तोडलं नव्हतं. पण तिने वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, आणि तसं ते बरं वाटलं. मग कोणी वाऱ्याची दिशा सुधारली, तर कोणी विसरलेला एक होला हकिकतीत आणून बसवला. शेवटी लांबच्या रानातला एक तांबट भीत भीत पुढे आला.

“मी आमच्याकडे सांगू का ही? आमच्याकडे बाभूळ नाही. बोरीची केली तर चालेल?”

“सांग की. आत्ताच सांगून बघ,” असं म्हणून शेवंता उठली. तिने आपली फांदी त्याला दिली आणि खाली ऐकणाऱ्यांत जाऊन बसली. तांबटाने सुरुवात केली. तिसऱ्याच वाक्याला तो चुकला, आणि चार फांद्यांवरून चार चोची एकदम उघडल्या. त्यांतली एक शेवंताची होती.