टिटवीची हाक आणि टाळ्यांचा कडकडाट

सागवानाच्या एका रानात प्राण्यांचे विद्यापीठ होते. खोटे वाटते ना, मुलांनो? पण त्याच्या वर्धापनदिनी जे घडले ते त्याहून नवलाचे आहे. तेच आज सांगतो.

विद्यापीठाची सुरुवात अगदी साधी होती. माळावर दगडगोट्यांत अंडी घालणाऱ्या एका टिटवीने पाच पाडसे जमवली आणि त्यांना एकच धडा दिला. "मी ओरडले की पळायचं. आधी पळायचं, मग कारण विचारायचं!" धडा रोज पळूनच होई. ती पाचही पाडसे म्हातारी होऊन मेली. रानात हरणाला याहून मोठे यश नसते.

पुढे एक हत्ती कुलगुरू झाला. मनाने चांगला, कामाचा झपाटाही दांडगा. पाचाचे पाचशे विद्यार्थी झाले, एका धड्याचे चाळीस विषय झाले. मात्र पाडसे पळाली की धूळ उडे आणि शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या अस्वलाला शिंकांवर शिंका येत. म्हणून पळणे बंद करण्यात आले. टिटवीचा धडा आता बसल्या जागी शिकवू लागले. हाक किती वेळा आली, कोणत्या पट्टीत आली, कोणत्या दिशेने आली, हे सारे पाठ करायचे. त्यात काही चुकते आहे असे एकालाही वाटले नाही, हीच तर कमाल!

वर्धापनदिनी सगळे माळावर जमले. पहिल्या रांगेत म्हातारी टिटवी सत्काराचा इवलासा हार घालून बसली होती. तिच्याजवळच हाकांच्या परीक्षेत पहिले आलेले चितळाचे पाडस होते. हत्तीने आजवरची वाटचाल सांगितली आणि प्रेमाने विचारले, "बोला बाळांनो, पुढे आपलं विद्यापीठ कसं असावं?" माकडाच्या पिल्लाला आणखी झोके हवे होते, सायाळीच्या पिल्लाला मोठे बीळ. हत्ती मान डोलावत ऐकत होता.

इतक्यात टिटवी ताडकन उडाली आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागली. एकदा, दोनदा, तीनदा!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमात तिच्या हाकेचे प्रात्यक्षिक होतेच. ते जरा लवकर सुरू झाले, एवढेच त्यांना वाटले.

"वा, टिटवीबाई! या वयात काय आवाज आहे!" अस्वल म्हणाले.

पाडस तर शेजारच्या सशाला ऐटीत समजावू लागले, "तीनदा, वरच्या पट्टीत, पूर्वेकडून. म्हणजे बिबट्या. आणि तोही अगदी जवळ."

ऐकलेत ना? बिबट्या अगदी जवळ आहे, असे ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले आणि तिथेच बसून राहिले!

पूर्वेकडचे गवत हलले आणि बिबट्याने झेप घेतली. पाडसाची मांडी त्याच्या पंजात सापडली, तरी पाचशेतला एकही जागचा हलला नाही. हलली फक्त टिटवी. ती सरळ बिबट्याच्या डोळ्यांवर जाऊन आदळली. त्याने पाडसाला सोडले आणि तिला फटका मारला. तोवर हत्ती धावून आला. बिबट्या पळाला, पण टिटवी हारासकट मातीत पडली होती. ती पुन्हा उठली नाही.

हत्तीने सोंडेने रक्ताळलेल्या पाडसाला उचलले. "अरे, तुला हाक कळली होती ना? मग पळाला का नाहीस?"

पाडस रडत म्हणाले, "सर, पळायचं परीक्षेत नव्हतं."

नव्या योजनांची लांबलचक यादी हत्तीने तयार ठेवली होती. ती त्याने कधीच वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीच्या लेकीने माळावर हाक दिली आणि पाचशे विद्यार्थी उधळले. सर्वांत पुढे हत्ती धापा टाकत पळत होता. मागे अस्वल शिंकत होते आणि शिंकत शिंकतच धावत होते. लंगडणारे पाडसही थांबले नाही. माळभर धूळ उडाली, आणि ती बसेपर्यंत कुणी काही विचारले नाही.

तात्पर्य : कितीही विद्या मिळवली, तरी संकटाच्या वेळी ती हातापायांत उतरली नाही, तर ती शिकलीच नाही असे समजावे.