पाहिलेल्या देवीची आणि न पाहिलेल्या अबोलाईची कहाणी

बायांनो, पाय मोकळे करून बसा. सकाळपासून सगळ्याच उभ्या आहात. चार तांदूळ हातात घ्या, मन एका जागी ठेवा. ऐका अबोलाई, तुमची कहाणी.

डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. तिथं एक राजा होता. राजाची राणी हंसावती. तिला दोन मुलगे होते, पाठची एक मुलगी होती. मुलीचं नाव पोवळी. नगराच्या वर, डोंगराच्या कपारीत, एक देवी होती. देवी कसली, एक अनघड दगड, त्याला शेंदूर लावलेला. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. कौल लावावा तर उजवा नाही, डावा नाही. म्हणून तिचं नाव पडलं अबोलाई.

एके वर्षी काय झालं? नगरात गोवर आला. राणीचे दोन्ही मुलगे अंथरुणाला खिळले. राणी अनवाणी डोंगर चढली, दगडापुढे पदर पसरला. म्हणाली, "बाई, एक तरी ठेव." देवी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, देवी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, देवी बोलली नाही. आठ दिवसांत दोन्ही मुलगे गेले.

मग राणीनं अंथरूण धरलं. खाईना, पिईना, वेणी घालीना. राजा कारभारात बुडाला. पोवळी चार वर्षांची, ती दासींच्या हातात वाढू लागली. आईच्या दाराशी येई, उंबऱ्यावर उभी राही, आई भिंतीकडे तोंड करी. मग पोर निघून जाई.

एके दिवशी राणी उठून बसली. राजाला म्हणाली, "महाराज, मला एवढंच कळू दे. देव आहे की नाही? कोणी दाखवून देईल त्याला बोलवा." राजानं दवंडी पिटवली.

पहिल्यांदा एक शास्त्री आले. तीन दिवस बसून बोलले. घागर आहे तर कुंभार आहे, वस्त्र आहे तर विणणारा आहे, हे एवढं जग आहे तर त्याचा कर्ता नको? राणीनं नाना शंका काढल्या, शास्त्रीबोवांनी एकूण एक निवारल्या. शेवटी राणीला बोलायला जागा उरली नाही. ती म्हणाली, "आहे." शास्त्री शालजोडी घेऊन गेले. राणी भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्यांदा एक बैरागी आला. त्याच्या हातात वाळका दंड होता. तो त्यानं भर दरबारात उभा धरला, डोळे मिटले. बघता बघता दंडाला कोंब फुटला, कोंबाला पान आलं. राणीनं उठून पान खुडलं, चुरडलं, वास घेतला. खरं होतं. ती म्हणाली, "आहे." बैरागी गेला. राणी भिंतीकडे तोंड करून निजली.

तिसऱ्यांदा एक म्हातारी जोगीण आली. राणीच्या डोळ्यांवर तिनं हात ठेवला. तशी राणीला देवी दिसली. आभाळाएवढी, अंगावर ऊन ल्यालेली, पावलांशी नद्या वाहताहेत. राणी थरथरली, घामानं भिजली. ती म्हणाली, "आहे. मी डोळ्यांनी पाहिली." जोगीण गेली. आता तरी राणी उठेल, पोरीला जवळ घेईल, म्हणून दासी दाराशी थांबल्या. राणी भिंतीकडे तोंड करून निजली.

मग तिला राग आला. नव्हतीच म्हणावं, तर कोणावर रुसायचं? पण ती होती. एवढी मोठी होती, आणि माझी मुलं जाताना गप्प राहिली. राणीनं हुकूम केला, "डोंगराची वाट बंद करा. जी असून बोलत नाही, तिच्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये." वाटेवर काटेरी कुंपण पडलं, शिपाई बसले. लोक दोन दिवस हळहळले, मग आपापल्या कामाला लागले.

त्या नगरात एक बुरुडीण होती. तिचं नाव धुरपदा. सुपं विणी, टोपल्या विणी. तिचा नवरा बांबू तोडताना कड्यावरून पडला होता, कमरेखाली लुळा झाला होता. त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, सगळं धुरपदा करी. मूलबाळ नाही, दीर-जाऊ नाही. रोज सकाळी ती एक घागर पाणी डोंगरावर नेई, अबोलाईच्या डोक्यावर घाली, घटकाभर टेकून बसे, खाली येई, मग घरचं करी.

पहिल्या दिवशी शिपायांनी तिला अडवलं, ती माघारी आली. दुसऱ्या दिवशी अडवलं, माघारी आली. तिसऱ्या दिवशी शिपाई म्हणाले, "बाई, तुला सांगून कळत नाही, चल राणीसाहेबांपुढे." घागर कमरेवर तशीच, धुरपदा राजवाड्यात गेली.

राणीनं विचारलं, "काय गं, तू रोज तिकडे जातेस. देवी तुझ्याशी बोलते?"

"नाही, राणीसाहेब."

"कधी दिसली?"

"नाही, राणीसाहेब."

"नवरा बरा केला तिनं?"

"नाही. तो तसाच आहे. यंदा पाठीला जखमासुद्धा पडल्यात."

राणी म्हणाली, "मला ती दिसली आहे. या डोळ्यांनी मी तिला पाहिली आहे."

धुरपदानं तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुमचं भाग्य मोठं. मग पाणी घातलंत तिला?"

राणी चिडून म्हणाली, "मी पाहून घातलं नाही, आणि तू न पाहता घालतेस. कशासाठी?"

धुरपदा दमली होती. घागर तिनं खाली ठेवली, भिंतीला टेकली. म्हणाली, "कसं सांगू, राणीसाहेब. मला शिकलेलं बोलता येत नाही. एकदा मी आठ दिवस गेले नव्हते. म्हटलं, पुरे झालं, कोणी ऐकत नाही. नवव्या दिवशी नवऱ्याला कुशीवर वळवताना तो कण्हला, आणि मी त्याच्या तोंडात मारली. लुळ्या माणसाच्या. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. तेव्हापासून रोज जाते. तिथं पाणी घालून आले की घरी त्याला पाणी घालायला हात वळतो. ती आहे की नाही हे मी विचारलंच नाही कधी. विचारत बसायला माझ्याकडे सवडच नव्हती."

राणीला हे सोसलं नाही. ती म्हणाली, "बाई, एक गोष्ट कर. इथं सगळ्यांदेखत म्हण, की अबोलाई माझी कोणी नाही. तुझ्या नवऱ्याला राजवैद्य देते. त्याला उचलायला चार गडी देते. तू नुसती बसून राहा."

धुरपदाच्या खांद्याला घट्टे पडले होते, डोळ्यांत झोप होती. चार गडी म्हणजे काय, हे तिच्याशिवाय कोणाला कळणार? तिला मोह झाला. मग म्हणाली, "ती बोलत नाही, असं म्हणायला सांगा, मी म्हणते. ती दिसली नाही, असं म्हणायला सांगा, तेही म्हणते. पण माझी कोणी नाही म्हटलं, आणि उद्या सकाळी जाग आली, तर मी जाऊ कुठं?"

राणी म्हणाली, "जा घरी." धुरपदा गेली. वैद्य आला नाही, गडी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धुरपदानं वाट सोडली, मागची घळ धरली. तिथं शिपाई नव्हते, कारण तिथून कोणी जात नसे. करवंदीची जाळी, निसरडे दगड. अर्धी घागर हिंदकळून सांडायची, उरलेली ती देवीवर घालायची. परत यायला दुप्पट वेळ लागायचा. नवरा म्हणायचा, "कशाला मरतेस गं?" ती म्हणायची, "मरत नाही, येते लगेच." असे दिवस गेले, महिने गेले. श्रावण सरला, भादवा आला. भादव्यात एके दुपारी, भाताचा घास तोंडात असतानाच, धुरपदाचा नवरा गेला.

दासींनी राणीला सांगितलं. चोरून जाते हेही सांगितलं. राणी म्हणाली, "ज्याच्यासाठी जात होती तो गेला. आता तिलाही माझ्यासारखं कळेल." दहा दिवस सुतकाचे, धुरपदा गेली नाही. राणी रोज विचारी, "गेली का?" दासी म्हणत, "नाही." तेराव्यापर्यंत गेली नाही. चौदाव्या दिवशी सकाळी दासी धावत आली, "राणीसाहेब, बुरुडीण घागर घेऊन घळीकडे गेली!"

राणी उठली. पायांत वहाण नाही, डोक्यावर छत्र नाही, दासींना म्हणाली, "कोणी येऊ नका." घळीत शिरली. करवंदीनं लुगडं फाटलं, हात ओरबाडले. अर्ध्या चढावर धुरपदा एका दगडावर बसली होती. घागर शेजारी, मान खाली.

राणी धापा टाकत म्हणाली, "आता कोणासाठी गं?"

धुरपदा म्हणाली, "मलाही ठाऊक नाही, राणीसाहेब. तो होता तोवर वाटायचं, त्याच्यासाठी. काल रात्री पाठ टेकली तर वाटलं, आता उठू नये. मग उजाडलं. हात घागरीकडे गेला. तिला पाणी घालायचं राहिलंय, एवढंच मनात आलं. म्हणून उठले. पण आज पाय उचलत नाहीत. इथवर आले, पुढं जाववत नाही."

"मग आता?"

"आता काय. बसते. ती काही रागवायची नाही. कधी बोलली नाही ती, आज कशाला बोलेल?"

राणीला हसू आलं. किती दिवसांनी आलं, तिचं तिलाच नवल वाटलं. ती धुरपदाच्या शेजारी बसली. मग राणी उठली, तिनं घागर कमरेवर घेतली. जन्मात कधी घागर उचलली नव्हती. लुगडं भिजलं, कंबर भरून आली, दोनदा घसरली. म्हणाली, "तू बस. मी घालून येते."

राणी कपारीत गेली. दगड कोरडा पडला होता, शेंदराचे पोपडे सुटले होते. तिनं पाणी घातलं. काय झालं? काही झालं नाही. ऊन पडलं नाही, नद्या वाहिल्या नाहीत, कोंब फुटला नाही. शेंदरावरून पाणी ओघळलं आणि मातीत जिरलं. राणी म्हणाली, "बाई, माझे मुलगे गेले." पुढं काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. नुसतं सांगितलं. आणि मग ती रडली. मुलं गेल्यापासून रडली नव्हती, ती तिथं पोटभर रडली.

खाली येऊन तिनं धुरपदाचा हात धरला. म्हणाली, "धुरपदा, हा तुझा वसा मला सांग."

"वसा कसला, राणीसाहेब. सकाळी उठावं, तोंड धुवावं, एक घागर पाणी न्यावं. घालताना खूण मागू नये. मनात राग असला तर रागानं घालावं, दुःख असलं तर दुःखानं घालावं. खाली येताना वाटेत कोणी दमलेलं दिसलं तर त्याच्याजवळ घटकाभर बसावं. घरी जाऊन जो आपला आहे त्याचं करावं. एवढंच."

राणी राजवाड्यात आली. राजानं तिचं लुगडं पाहिलं, हात पाहिले. घाबरून म्हणाला, "वर काय झालं?"

राणी म्हणाली, "काही झालं नाही. उद्या पुन्हा जाते."

मग तिनं पोवळीला हाक मारली. पोवळी खांबाआड उभी राहिली, जवळ येईना. आईची तिला सवय राहिली नव्हती. राणी खाली जमिनीवर बसली, फणी घेतली, वाट पाहिली. बऱ्याच वेळानं पोर आली, पाठमोरी बसली, काठीसारखी ताठ. केसांत गुंते झाले होते. राणीनं एक गुंता सोडवला, दुसरा सोडवला, तिसरा सोडवता सोडवता पोवळीनं अंग सैल सोडलं आणि आईच्या मांडीवर रेलली.

त्याच दिवशी कुंपण निघालं, शिपाई उठले. दुसऱ्या दिवशी राणीनं धुरपदाकडे निरोप धाडला, "आजची घागर माझी. तू निजून राहा." उजाडलं, उन्हं अंगणात आली, उन्हं चुलीपर्यंत आली, तरी धुरपदाचं दार उघडेना. शेजारणी जमल्या, कुजबुजल्या, फटीतून डोकावल्या. धुरपदा उशाशी हात घेऊन गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, कपाळावर एक आठी नाही. दहा वर्षांत तिला असं निजलेलं कोणी पाहिलं नव्हतं. शेजारणींनी दार हळूच लोटलं, आणि कोंबड्यांनासुद्धा अंगणातून हाकललं.

पुढं एक दिवस राणी जाई, एक दिवस धुरपदा जाई. अबोलाई कधीच बोलली नाही.

जशी हंसावतीला रडायला जागा मिळाली, धुरपदाला विसावा मिळाला, पोवळीला आई मिळाली, तसा विसावा तुम्हां आम्हां दमलेल्या बायांना मिळो. ज्यांचा विश्वास डळमळला असेल त्यांची घागर शेजारणीनं उचलावी. फार बोलांची ही कहाणी, थोड्या बोलांत सांगितली, देवीच्या पायी वाहिली, सुफळ झाली, पुरी झाली. तांदूळ वाहा, बायांनो, आणि घटकाभर टेका.