हरणीचा लाल दिवा

एका डोंगरावरच्या गावात एक पिकअप गाडी होती. गावात म्हशी पुष्कळ, माणसं मोजकी आणि गाडी ही एवढीच. दूध डेअरीनं ती आणली, तेव्हा गावातल्या मुलींनी तिच्या मागच्या फळीवर पांढऱ्या रंगानं 'हरणी' असं नाव लिहिलं. रोज सकाळी हरणी दुधाचे कॅन घेऊन घाट उतरायची, खालच्या शीतकरण केंद्रात दूध पोचवायची आणि रिकामे कॅन वाजवत वर यायची.

हरणीचा ड्रायव्हर अबोल होता. माणसांशी कमी आणि गाडीशी जास्त बोलायचा. डेअरीचे अध्यक्ष त्याच्या अगदी उलट. ते सगळ्यांशी बोलायचे आणि ऐकायचं काम दुसऱ्यांवर सोपवायचे. माणूस मनानं चांगला होता हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे थोडा वेळ तसं वाटणार नाही.

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. त्या सकाळी निम्मा घाट उतरल्यावर हरणीच्या मीटरवर एक लाल दिवा लागला. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला. तो लागला म्हणजे इंजिनात ऑईल नीट फिरत नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं. पाठोपाठ इंजिन टक-टक वाजू लागलं. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ऑईलची पट्टी उपसून पाहिली. ऑईल पुरेपूर होतं.

"पोट भरलेलं हाय, मग ओरडतीस कशाला?" त्यानं हरणीला विचारलं.

अर्ध्या तासानं चावी फिरवली तर दिवा विझलेला आणि आवाजही गायब. पण आणखी थोडं खाली गेल्यावर पुन्हा दिवा, पुन्हा टक-टक, पुन्हा थांबणं. दूध पोचायला उशीर झाला. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी उन्हात उभं राहून अर्धं दूध नासलं आणि गाव चिडलं.

अध्यक्ष स्वतः डेअरीच्या अंगणात आले. "चालू कर गाडी," ते म्हणाले. ड्रायव्हरनं चावी फिरवली. गाडी चालू करताना नेहमी लागतो तसा क्षणभर लाल दिवा दिसला आणि विझला. अध्यक्षांनी उभ्याउभ्या एक कप चहा प्यायला. दिवा काही लागला नाही.

"कुठाय दिवा?"

"घाटात लागतो, साहेब."

"घाटात लागतो आणि माझ्यासमोर लागत न्हाई. दिवा मला लाजतो व्हय?"

लोक हसले. अध्यक्षांना हसणारे लोक मिळाले की ते थांबत नसत. घाटातल्या हॉटेलात भजी चांगली मिळतात, तिथंच गाडी बंद पडत असेल, असंही ते बोलून गेले. ड्रायव्हरला ते फार लागलं. इतकी वर्षं तो त्या हॉटेलासमोरून गेला होता, पण दूध गाडीत असताना एकदाही उतरला नव्हता.

तेवढ्यात गावातला गॅरेजवाला पुढे आला. गावात पंक्चर तोच काढायचा आणि सायकलींना तेलही तोच द्यायचा, म्हणून त्याला सगळ्याच यंत्रांमधलं कळतं असं सर्वांचं मत होतं. त्याचं स्वतःचंही तेच मत होतं. "दिव्याचा सेन्सर खराब असंल," तो म्हणाला. "वायर काढून टाकतो. मग दिवा लागणारच न्हाई."

"हे बेस," अध्यक्ष म्हणाले.

आता ड्रायव्हरनं गुपचूप मान डोलावली असती तर प्रश्न मिटला असता. दिवा गेला असता, टोमणे थांबले असते, नोकरी राहिली असती. पण त्यानं चावी काढून मुठीत घट्ट धरली.

"दिवा खोटा असंल तर खुशाल काढा," तो म्हणाला. "पण खोटा हाय का खरा, ते आधी बघू. हरणी काय सांगतीया ते कळायच्या आधी तिचं तोंड बांधायचं न्हाई."

अबोल माणसाचं एवढं लांब बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. अध्यक्षांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "दोन दिवस दिले," ते म्हणाले. "दिवा खरा निघाला तर चावी तुझी. न्हाई निघाला तर परवापासून दुसरा ड्रायव्हर."

घाटाच्या पायथ्याला बस डेपोतून निवृत्त झालेले एक म्हातारे फिटर राहायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांना एकच खोड होती. एखादी गोष्ट कशी झाली हे कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं चालत गेला आणि त्यांना बसनं वर घेऊन आला.

डेअरीच्या अंगणात, अध्यक्ष आणि गावकऱ्यांसमोर, आबांनी पिशवीतून रबरी नळी लावलेलं एक गोल मीटर काढलं. इंजिनावरचा दिव्याचा सेन्सर काढला आणि त्या जागी नळी जोडली. "दिवा नुसता हो किंवा न्हाई म्हणतो," ते म्हणाले. "हे मीटर किती ते सांगतं. करा चालू."

काटा झटकन वर गेला. "बघा," अध्यक्ष म्हणाले, "झ्याक हाय."

"थांबा की जरा," आबा म्हणाले. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन उभ्याउभ्याच जोरात पळवत ठेवायला सांगितलं आणि उलट्या कॅनवर बैठक मारली. अध्यक्षांनी एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. अर्धा तास होत आला आणि काटा हळूहळू खाली उतरू लागला. उतरता उतरता तळाला आला, आणि इंजिन टक-टक वाजलं. आबांनी लगेच इंजिन बंद करायला लावलं. अध्यक्षांच्या हातातला कप तसाच राहिला.

"दिवा खरा हाय," आबा म्हणाले. ड्रायव्हरनं खिडकीतून तोंड वळवून डोळे पुसले.

"म्हंजे ऑईलचा पंप गेला," गॅरेजवाला म्हणाला.

"पंप गेला असता तर पयल्यापासूनच काटा लोळला असता. हितं मात्र सुरुवातीला चांगला, मागनं कमी, आणि जरा विसावा दिला की पुन्हा चांगला. का बरं?" आबांनी सगळ्यांकडं पाहिलं. हा प्रश्न त्यांना मनापासून आवडलेला दिसत होता. "तुम्ही दूधवाली माणसं. गाळणीत गवताची काडी आली, की काय हुतं?"

"दूध अडतं," डेअरीत दूध मोजणाऱ्या बाई म्हणाल्या.

"आणि गाळणी उलटी धरली तर?"

"काडी सुटून खाली पडती."

"तसंच हाय. इंजिनाच्या तळाला ऑईलचं चेंबर असतं. त्यातनं पंप ऑईल ओढतो, आणि वाटेत एक जाळी असती. त्या जाळीला कायतरी येऊन चिकटतंय. इंजिन बंद केलं की ते सुटून खाली पडतंय. आता काय चिकटतंय, एवढंच बघायचं राहिलं. गाडीला अलीकडं काय काय केलंत?"

"काय न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

"काय न्हाई," गॅरेजवाला म्हणाला.

ड्रायव्हरनंही मान हलवली. काहीच नाही.

"बरं, पयल्यांदा दिवा कधी लागला?"

ते दूध मोजणाऱ्या बाईंना आठवत होतं. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांची म्हैस व्याली होती आणि त्याच दिवशी गाडी पहिल्यांदा उशिरा आली होती.

"मग दसऱ्याला काय केलंत?"

"काय न्हाई, आबा," अध्यक्ष जरा वैतागून म्हणाले. "पूजा केली. दुसरं काय करणार?"

आबांनी चष्मा काढून पुसला. "मला ती पूजा बघायचीय. जशी केली तशीच करून दाखवा."

लोकांना गंमत वाटली. तबक आलं, झेंडू आले, कुंकू लावलेल्या अक्षता आल्या. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं. "सणाचा दिवस म्हणून मी थोडं नवं ऑईल घातलं," तो सांगू लागला. त्यानं इंजिनावरचं ऑईलचं झाकण फिरवून काढलं, ऑईल ओतल्यासारखं केलं, झाकण शर्टाच्या खिशात टाकलं आणि हात धुवायला नळाकडं निघाला. दोन पावलं गेला आणि थांबला. त्याचा हात खिशाकडं गेला.

इकडं अध्यक्ष तबक घेऊन पुढे झाले होते. त्यांनी बॉनेटला कुंकू लावलं, फूल वाहिलं, मुठीत अक्षता घेतल्या. इंजिनाच्या मधोमध एक गोल भोक उघडं होतं. अध्यक्षांची मूठ आपोआप त्या भोकावर गेली आणि तिथंच थबकली.

आबा दोन पावलं पुढं आले.

"तुम्हाला ते काय वाटलं हुतं?" आबांनी हळूच विचारलं.

"तोंड," अध्यक्ष म्हणाले. "पोळ्याला बैलाला घास देतो. ही वर्षभर आमचं दूध वाहती. म्हटलं, हिलाबी एक घास द्यावा."

"एकच?"

"तीन मुठी," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या मागं उभे असलेले चार-पाच जण जमिनीकडं बघू लागले, कारण अध्यक्षांचं पाहून त्यांनीही दिला होता.

दुपारपर्यंत आबांनी चेंबर खोललं. तळाशी काळ्या ऑईलमध्ये तांदूळ होते आणि झेंडूच्या पाकळ्याही. वरून तळापर्यंत उतरायला त्यांना तीन दिवस लागले होते. जाळीच्या भोकाभोकात एकेक दाणा जाऊन बसलेला. आबांनी एक दाणा अंगठ्यानं पुसला, तर त्याच्यावर अजून कुंकवाचा लालसर डाग होता.

"वायर काढली असती," आबा म्हणाले, "तर अजून चार-पाच फेऱ्या. मग घाटातच इंजिन जाम."

ड्रायव्हर पुढे आला. "झाकण मी उघडं टाकलं, साहेब. परत आल्यावर न बघताच लावलंबी मीच. चूक माझी."

अध्यक्षांपुढं मोकळी वाट होती. सगळं गाव बघत होतं आणि ड्रायव्हर आपण होऊन दोष घेत होता. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. अध्यक्षांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याआधी थोडा विचार केला.

"झाकण तुझं, पण घास माझा," ते म्हणाले. "आणि भज्यांचं जे बोललो ते निव्वळ खोटं हुतं. हे सगळ्यांनी ऐका."

मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "चावी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

जाळी धुतली, चेंबर पुसून बसवलं, नवं ऑईल भरलं. दुसऱ्या दिवशी हरणी कुठंही न थांबता घाट उतरली. त्या रात्री आबा पोटभर जेवले असणार.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा बॉनेट उघडलं. अध्यक्षांनी तबक हातात घेतलं आणि आधी विचारलं, "झाकण लावलंय?" ड्रायव्हरनं झाकण फिरवून दाखवलं. अक्षता टायरांपाशी वाहिल्या. मग अध्यक्ष कुंकवाचं बोट घेऊन गाडीत वाकले, मीटरची काच निरखली आणि त्या लाल दिव्याच्या शेजारी, तो झाकला जाणार नाही अशा बेतानं, एक छोटा टिळा लावला.

तात्पर्य: चूक शोधायला निघालात, तर धोका दाखवणाऱ्याचं तोंड बंद करू नका, आणि 'मी काही केलं नाही' असं म्हणण्याआधी, आपण प्रेमानं काय काय केलं तेही एकदा आठवून पाहा.