ओला खांदा

गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या रुईखेड गावात, वस्तीच्या टोकाला पिंपळपारावर वाळूबुवा महाराज राहत. त्यांचा माठ रोज सगुणा भरी. गिरणीत राबणाऱ्या या विधवेची सेवा ती एवढीच!

तिच्या लेकीला, चंद्रीला, गोवर आला. रिवाजाप्रमाणे सगुणेने दाराला कडुलिंब बांधला आणि त्या दिवसापासून वस्तीला ती परकी झाली. कालपर्यंत विस्तव मागायला येणाऱ्या बायका वळसा घालून जाऊ लागल्या. माणसाला माणसाचा विटाळ फार लवकर होतो! पोरगी तापाने फणफणलेली, सारखी "आये, पानी" म्हणे, आणि घरात थेंब नव्हता.

नळ मुकादमाच्या अंगणात होता. मुकादमीण गोदाक्काने हंडा पाहताच हात आडवा केला. "लिंब बांधल्या घरचं भांडं माझ्या नळाला नको! म्हाराजांचा माठ भरतीस न्हवं? मग सांग त्यास्नी, आता माझा हंडा भरा म्हनावं." नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

सगुणा रिकामा हंडा घेऊन घरी परतली. एवढी मोठी वस्ती, पण हाक मारावी असे एकही नाव तिच्या ओठी येईना. "म्हाराज, आज तुमचाबी माठ कोरडाच ऱ्हायला," एवढेच ती पाराच्या दिशेने बोलली आणि पोरीला उराशी धरून रडली.

तोच बाहेर हंडा टेकल्याचा आवाज झाला. दार उघडते तो काय! उंबऱ्याशी काठोकाठ भरलेला हंडा, आणि उन्हातून पाठमोरे चाललेले महाराज. तिने घोट घोट पाणी पाजले. दिवस कलता चंद्रीला घाम फुटला, ताप उतरला.

तेवढ्यात दार वाजले. डोक्यावर हंडा घेऊन गोदाक्का उभी होती.

"सगुणे, माझ्या नळावरनं हंडा नेताना म्या म्हाराजांस्नी पाह्यलं. जाब इचाराया पाराकडं धावले, तर भजनी मंडळी म्हनली, म्हाराज सकाळपासनं जागचे हलले न्हाईत. माठ कोरडा, ओठ कोरडे. कुनी पानी दिलं तर म्हनायचे, 'माझं पाणी यायचंय अजून.' पन त्यांचा खांदा? खांदा चिंब व्हता गं! म्या पाय धराया वाकले, तर म्हाराज म्हनाले, 'वाकायचं तर लिंबाच्या दारी वाक.'"

आणि मुकादमिणीने सगुणेच्या उंबऱ्यावर डोके टेकले.

सगुणेने तिला उठवले. "अक्का, माझ्या पोरीचं भागलंय. म्हाराज अजून तहानलेले हाईत. ह्यो हंडा पारावर न्या."

त्या संध्याकाळी वाळूबुवा महाराजांचा माठ गोदाक्काने भरला. महाराजांनी ओंजळ पुढे केली!