दळलेलं पीठ

“…पण चिपनं कुलूप नीटच लावलंय, हे मी कशावरून मानू?”

कौस्तुभनं वामनबुवांना विचारलं, आणि तेही चढ्या आवाजात. पोरगा हुशार, पण तोराही तेवढाच.

बुवांची उमेदीची वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यात गेली. आता ते डोंगरातल्या मठात राहत. मठाच्या दवाखान्याचं नेटवर्क त्यांनी या शिष्याकडे सोपवलं होतं. रोग्यांचे एक्स-रे इथून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जात. वाटेत कुणी ते पाहू नयेत म्हणून कौस्तुभचा प्रोग्राम त्यांना सांकेतिक कुलूप घाली.

कुलूप पक्कं. चाल मात्र गोगलगाईची.

म्हणून नवा सर्व्हर आणला. कुलूप घालायची सोय त्याच्या चिपमध्येच होती. तरी वेग तसूभर वाढेना. दवाखान्याच्या लीलाताई डॉक्टर सकाळीच कडाडल्या होत्या, “रोगी इथे कण्हतोय आणि तुझा फोटो रांगतोय! दुपारपर्यंत जमलं नाही तर ते कुलूप काढून टाक.”

कुलूप काढायचं? म्हणजे आयाबायांची दुखणी चव्हाट्यावर! 

“चिपला काम दिलंस?” बुवांनी विचारलं.

“दिलं.”

“मग?”

“एक्स-रे तुकड्यातुकड्यानं जातो ना, तिनं कुलूप घातलेला असा प्रत्येक तुकडा, प्रत्येक पाकीट, मी माझ्या प्रोग्रामनं पुन्हा करून बघतो. दोन्ही जुळली, तरच पुढे सोडतो.”

“प्रत्येक?”

“एकही सोडत नाही!” छाती फुगवून सांगितलं पठ्ठ्यानं.

बुवा उठले. सकाळीच गिरणीतून आलेला पिठाचा डबा त्यांनी ओढला. जात्यापुढे बसले, मूठभर पीठ आत टाकलं आणि खुंटा धरून फिरवू लागले.

कौस्तुभला हसू फुटलं. “बुवा, दळलेलंच आहे ते!”

घरघर…

“अहो, दळलेलं कुणी पुन्हा दळतं का?”

बुवांनी दुसरी मूठ टाकली. चुलीवर तवा तापला होता, भाकऱ्या थापायला बसलेल्या बाई पिठाची वाट बघत होत्या. बुवा आपले दळताहेत!

कौस्तुभचं हसू ओसरलं. कान तांबडे झाले.

तो सर्व्हरकडे गेला. पडताळणीच्या ओळी काढल्या. पुढचा एक्स-रे कुलपासकट भुर्रकन गेला.

“पोचला रे! आता कसं!” लीलाताई खिडकीतून ओरडल्या.

तो परत आला, तेव्हा आवाज खाली उतरला होता.

“बुवा… मग माझा प्रोग्राम पुसून टाकू? जीव ओतला होता हो त्यात.”

बुवांनी हाताचं पीठ झटकलं.

“लग्नघरचं पीठ गिरणीतूनच येतं. पण हळदीची पहिली मूठ जात्यावर दळल्याशिवाय कुणी मुंडावळ्या बांधतं का?”

कौस्तुभनं प्रोग्राम पुसला नाही; सर्व्हर सुरू होताना चिपचं पहिलं पाकीट तेवढं पडताळायला ठेवला.