धोंडाईच्या दारी वाकलेली हद्द

कोळवाडीच्या माळावर दोन जिल्ह्यांच्या हद्दीचे दगड कसे सुतात उभे आहेत. एका मोडक्या जोत्यापाशी मात्र ते वाट सोडतात, जोत्याला वळसा घालतात आणि मुकाट्याने पुन्हा रांगेत येतात. गावचे म्हातारे कोतवाल भिवा गुरव पाहुण्यांना इथे हटकून थांबवतात आणि हकीकत सांगतात.

मोठा जिल्हा तोडून नवा करायचा ठरला, तेव्हाची ही गोष्ट. हुकमात लिहिले होते, टेकडीपासून नदीपर्यंत सरळ रेघ. सरकारी रेघच ती, कुणाची चूल कुठे आहे हे थोडीच विचारते? ती नेमकी धोंडाई सुईणीच्या दारावरून चालली होती.

धोंडाईच्या हातून पंचक्रोशीतली शेकडो पोरे सुखरूप जन्मली, असे सांगतात. पण तिच्या पोटच्या पारूची दोन बाळे जन्मताच गेली होती. तिसऱ्या खेपेला पारू माहेरी आली, आणि मोजणीदार पोतनीस अंगणात साखळी घेऊन उतरले त्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दोन दिवसांनी नवा जिल्हा सुरू व्हायचा होता. त्याआधी नकाशा पोचता करायचा, म्हणून पोतनिसांनी घाईघाईने दारासमोरून साखळी ताणायला लावली.

दुपार कलली तरी पारूची सुटका होईना. बाळंतपणाच्या घरात गाठ राहिली की बाळंतीण अडते, असा तिकडचा समज. धोंडाईने लेकीचे केस मोकळे केले, पेटीचे कुलूप काढले, कणगीचे झाकण उघडले, दावणीची गायही सोडून दिली. पाण्यासाठी ती बाहेर आली आणि उंबऱ्यासमोरची ताठ साखळी तिला दिसली.

"सायेब," ती म्हणाली, "घरातल्या समद्या गाठी सोडल्या म्या. एवढी तुमचीच ताणून ऱ्हायलीया."

पोतनीस तसे तिरसट गृहस्थ. साखळी उचलली तर सकाळपासूनचे माप वाया जाणार, आणि मुदत तर डोक्यावर.

"माझा यावर विश्वास नाही, बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी साखळीवाल्यांना हाताने खूण केली. साखळी सैल होऊन मातीत पडली. मग काखेतल्या नकाशाची नाडीही त्यांनी सोडली आणि जांभळीखाली जाऊन बसले.

दिवस मावळताना मुलगी झाली. तिचे रडणे ऐकून आधी साहेबांनीच डोळे पुसले, असे सांगतात. साखळीवाल्यांनी विचारले, आता पुन्हा ताणायची का? साहेबांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी घराला लांबून वळसा घालून माप पुरे केले आणि नकाशाच्या कडेला शेरा लिहिला: 'घरात बाळंतीण आहे. साखळी ताणली नाही.' वरून बोलणी बसली ती त्यांनी निमूट ऐकून घेतली. तोवर नकाशावर शिक्का बसला होता.

आजही त्या जिल्ह्याच्या नकाशाची नवी प्रत निघते तेव्हा शेऱ्यासकट निघते. आजही नवा कलेक्टर रुजू झाला की पहिल्या दिवशी टेबलावरच्या सगळ्या फायलींच्या नाड्या सोडून ठेवतो, आणि कचेरी सुटेपर्यंत कुणी त्या बांधत नाही. कारण विचारले तर शिपाई सांगतात, जिल्ह्यात आज कुठेतरी एखादी पारू असेलच.